मात्रा कुणी वाढवली?

घोरपडे मॅडम वर्गात आधी फोडायच्या, मग बोलायच्या. वर्षाच्या पहिल्या दिवशी टेबलावर लोखंडी जाळी आणि जाळीत तडा गेलेला फ्लास्क. पंप लावून त्यातली हवा काढत गेल्या की धाडकन फ्लास्क फुटायचा आणि पुढच्या बाकांवरून किंकाळ्या उठायच्या. "साकु, पुरे! ओरडू नका," मॅडम दरडावायच्या. "काच नवी मिळते. डोळा मिळतो का?" मग रसायनशास्त्र सुरू व्हायचं.

हेब्बाळजवळच्या आमच्या विद्यापीठात त्या व्याख्यात्या होत्या. बसवनगुडीतलं जुनं मराठी घराणं, बोलण्यात निम्मी कन्नड. मी निपाणीची, त्यांच्या हाताखाली पीएचडीला आलेली. मराठी मुलगी म्हणून जरा लाड होतील, असं मला वाटलं होतं. कसले लाड! एकदा सुरक्षेचा चष्मा न लावता लॅबमध्ये शिरले, तर दंडाला धरून त्यांनी मला बाहेर ढकललं आणि पाठोपाठ माझी बॅग भिरकावली. "अय्यो, स्वल्प तरी डोकं वापर की गं! आंधळी झालीस तर तुझ्या आईला काय सांगू मी?" राग सदा नाकावर. पण त्यांच्या लॅबमध्ये तोवर कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

घाईशी त्यांचं वैर होतं. "घाई असेल तर ऑटो चालव, इथं येऊ नको," हे वाक्य मी रोज ऐकलंय. आणि शेवटी घाई केली ती त्यांनीच. आम्ही जे संयुग बनवत होतो तेच दुसऱ्या एका लॅबमध्येही होत आलं होतं, आणि मॅडमची प्रोफेसरपदाची मुलाखत तोंडावर होती. "या खेपेला मात्रा दुप्पट घे. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, सरी? चालेल ना?" त्या म्हणाल्या. मी घेतली.

बर्फात ठेवलेला फ्लास्क तापत गेला. आतला द्रव काळपट झाला, उसळायला लागला. माझं सगळं काम त्यात होतं. तो वाचवायला मी हात पुढे केला, तोच मागून वेणीला हिसका बसला आणि मी फरशीवर आपटले. मॅडमनी फ्लास्क ठेवलेल्या कपाटाचं सरकतं काचेचं दार खाली ओढायला उजवा हात घातला, आणि स्फोट झाला. कानात नुसती शिट्टी. भिंतीवर, छतावर रक्त. हात छातीशी आवळून मॅडम माझ्यावर ओरडत होत्या, "डोळे उघड! उघड म्हणते ना!" माझे डोळे शाबूत होते. त्यांची दोन बोटं गेली.

चौकशीच्या बैठकीत विभागप्रमुखांनी तोडगा काढला. विद्यार्थिनीने परस्पर मात्रा वाढवली असं लिहायचं. मॅडमचं प्रोफेसरपद वाचेल, माझी पीएचडी जाईल. जिच्यामुळे माझे डोळे वाचले, तिच्याविरुद्ध कसं बोलायचं?

मॅडमनी बँडेजचा हात टेबलावर दाणकन आपटला. पाण्याचे ग्लास उलटले. "मी सांगितलं तिला!" पुन्हा आपटला. "ऐकलं नाही तर शिक्षा, ऐकलं तरी शिक्षा? मग शिकायचं कसं पोरांनी?" टाके उसवले, समोरचे कागद लाल झाले. सगळे ताडकन उभे राहिले, पण त्यांच्या जवळ जायची कुणाची छाती झाली नाही.

प्रोफेसरपद गेलं. पुढे मी प्रबंधात स्फोटाची हकीकत लिहिली, पण मात्रा वाढवायला कुणी सांगितलं ते गाळलं. मॅडमनी डाव्या हाताने त्या कागदांची चळत माझ्या तोंडावर फेकली.

"माझी अब्रू झाकतेस होय गं?"

"मॅडम, आधीच किती गेलंय तुमचं."

"गेलं ना? मग फुकट नको घालवू. लिही, इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईनेसुद्धा घाई केली. वाचून एखादी तरी थांबेल."

मी रडत रडत लिहिलं, आणि ते तसंच छापलं गेलं. मॅडम व्याख्यात्या म्हणूनच निवृत्त झाल्या आणि गेल्या वर्षी वारल्या.

परवा दूरच्या एका विद्यापीठातून एका अनोळखी मुलीचा फोन आला. माझा प्रबंध वाचून तिने मात्रा वाढवायला नकार दिला होता. तिचे सर तिच्यावर भडकले होते. तिला घोरपडे मॅडमशी बोलायचं होतं.