माझी खुर्ची आणि त्यांचा अनुभव

“हिला जरा उचलून त्या खुर्चीवर ठेवा,” माइकवाल्या बाई म्हणाल्या.

बसवा नाही. ठेवा. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. दोन माणसांनी काखेत हात घालून मला माझ्या व्हीलचेअरमधून उचललं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं. ओढणी खाली पडली, ती तिथेच राहिली.

भूगावातल्या मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सभा होती. आमचा रस्ता सगळ्यांसाठी सुरक्षित करायचा, त्यासाठी लोकांचं म्हणणं ऐकायचं, म्हणून या माइकवाल्या बाई आणि त्यांची मंडळी पुण्याहून आली होती. माझे पाय लहानपणीच गेले. रस्त्याकडेच्या दुकानात मी ब्लाउज शिवते. घरापासून दुकानापर्यंत फुटपाथ आहे, पण इतका उंच की खुर्ची चढत नाही. म्हणून डंपरच्या शेजारून, रस्त्यावरून जाते. एवढंच सांगायला आले होते. त्यासाठी इस्त्रीचा ड्रेस घातला होता.

माझी खुर्ची त्यांना कशाला हवी होती? अनुभव घ्यायला. आधी सोसायटीचे चेअरमन बसले. गुळगुळीत फरशीवर दोन गिरक्या घेतल्या. लोक हसले. मग त्यांच्या मिसेस बसल्या. मग जत्रेतल्या पाळण्याला लागते तशी रांग लागली. फोटो निघाले. चेअरमन माइकवर म्हणाले, “खरंच, डोळे उघडले.” टाळ्या.

फाटकाबाहेरच रस्ता होता. तिथे एकानेही खुर्ची नेली नाही. डोळे एसीतच उघडले.

आणि मी तिथे ठेवलेली. उठता येईना, कुठे जाता येईना. आधी लाज वाटली. मग त्या सगळ्यांची शिसारी आली. माझे पाय घेऊन ही शिकलेली माणसं खेळत होती.

भिंतीवर रस्त्याचा नकाशा लावला होता, उभ्या माणसाला दिसेल इतका उंच. प्रत्येकाला एक लाल टिकली दिली होती, जिथे अडचण आहे तिथे चिकटवायला. चेअरमनच्या मिसेसनी माझ्या हातातली टिकली घेतली. दर सणाला माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतात, नाव अजून ठाऊक नाही.

“तू बस गं, तुझी मी लावते.”

“कुटं लावायची त्ये तरी इचारा की,” मी म्हणाले.

तोवर लावून झालीसुद्धा. सोसायटीच्या गेटपाशी. तिथे खड्डा आहे, त्यात त्यांची गाडी खालून घासते.

बाई माइकवर म्हणाल्या, “बघा, आपल्या दिव्यांग भगिनीचंही हेच मत आहे.”

मघाशी उचलून ठेवलेली, आता भगिनी. माप न घेताच माझं मत शिवून मोकळे झाले होते.

“माजी खुर्ची आना.”

चेअरमन हसले. “अगं, अजून दोघं राहिलेत.”

“राहू द्यात. खेळणं न्हाई ते. पाय हायेत माजे. आत्ता आना.”

खुर्ची आली. ती दोन माणसं पुन्हा उचलायला पुढे झाली.

“हात लावायचा न्हाई.”

मी स्वतःच सरकत सरकत बसले. वेळ लागला. सगळ्यांना उभं राहून बघावं लागलं. बघितलं त्यांनी.

“आता नकाशा खाली घ्या.”

“अहो, तो फाटेल,” बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच अहो.

“फाटू दे.”

कोणी हललं नाही. क्लबहाउस झाडणाऱ्या मावशींनी झाडू ठेवला, नकाशा उतरवला आणि माझ्या मांडीवर दिला. मी गेटवरची टिकली उपटली, तिथला कागदही निघाला. माझ्या फुटपाथवर ती दाबून बसवली आणि घरी आले.

गेटपुढचा रस्ता आता गुळगुळीत झालाय. फुटपाथ तसाच आहे. माझ्या खुर्चीत बसलेल्या चेअरमनचा फोटो नोटीसबोर्डवर लागलाय, असं मावशी सांगतात. लाज नावाची वस्तू त्या सोसायटीत कुठल्याच मजल्यावर मिळत नसावी.

पूर्वी मी कडेने, अंग चोरून जायचे. आता रस्त्याच्या मधून जाते. मागे चेअरमनची गाडी हॉर्न वाजवत राहते. मी वळून बघत नाही, चाकं हळूच फिरवते. मी उद्याही मधूनच जाणार. ज्याला घाई असेल त्याने फुटपाथ उतरता करून घ्यावा.