वॅगनचं डावं दार

आमचे दाजी जाऊन सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो, पण चांगल्या आठवणींनी सुरुवात करायचा मला हक्क नाही; आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सात वर्षांपूर्वी भोकरदनच्या एका लग्नात, चार माणसांसमोर, मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला आमचा ड्रायव्हर म्हटलं. तोंडातून निसटलं असं नाही. मला विचारलं गेलं, मी जरा थांबलो, आणि मग बोललो. ते जरा थांबणं मला अजून आठवतं… तेवढ्या वेळात खरं सहज सांगता आलं असतं.

दाजी गेले तो पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. तीन दिवसांचा ताप. त्या सकाळी अडतीवर निघताना मी त्यांच्या खाटेपाशी गेलो, तर म्हणाले, "वसंतराव, डाव्या दाराच्या बिजागरीला तेल द्या. तुमच्या ताईला तेच दार लागतं." मी बरं म्हणालो आणि गेलो. दुपारी शेजारचे काका धापा टाकत दुकानात आले आणि नुसते माझ्याकडे बघत उभे राहिले. तेव्हाच कळलं. दाराला तेल दिलं नव्हतं.

दाजी म्हणजे रंगनाथराव, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. त्यांचं गाव अंबडकडचं. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत घर जळालं, तेव्हा ताई आणि ते एक पत्र्याची पेटी घेऊन जालन्याला, मस्तगडातल्या आमच्या घरी आले. चार महिने राहू म्हणाले होते. जमीन शाबूत होती, ती वाट्यानं लावली. पण नवं घर काही उभं राहिलं नाही, आणि चार महिन्यांची बारा वर्षं झाली. वडील आधीच गेले होते, घरात कर्ता मी. दाजींना कुणी काही बोलत नसे. पण सासरी राहणारा जावई म्हटल्यावर गल्लीतली माणसं ज्या नजरेनं बघतात ती मला दिसायची, आणि खरं सांगायचं तर ती त्यांच्यापेक्षा मलाच जास्त लागायची.

एक्कावन्न साली मी हैदराबादेहून बदलून चाललेल्या एका अधिकाऱ्याची जुनी स्टेशन वॅगन घेतली. अख्खं घर मावेल एवढी मोटर, मागचा अर्धा भाग लाकडी. गल्लीत तिला सगळे 'कपाट' म्हणायचे. "आज कपाट कुठं निघालं?" असं विचारायचे. दाजींनी गावाकडे विहिरीवर तेलाचं इंजिन चालवलेलं, यंत्राला हात लावायला ते घाबरत नसत. महिन्याभरात ते गाडी चालवायला शिकले. पण त्यांचा जीव इंजिनापेक्षा आतल्या भागातच जास्त रमला. मधल्या बाकाला डाव्या अंगाला एक छोटी सीट होती. तिच्या खालचा खटका दाबून पाठ पुढं लोटली की मागच्या बाकाकडे जायला वाट व्हायची. डावं दार आतून उघडतच नसे, काच खाली करून बाहेरच्या मुठीला हात घालावा लागे. छताची आतली बत्ती पूर्वी दार उघडलं की आपोआप लागायची म्हणे. आमच्या हाती येईपर्यंत तिची ती सवय मोडली होती. दाजींनी तिच्यासाठी स्टिअरिंगखाली घरातल्या दिव्याचं पितळी बटण बसवलं.

त्यांचा एक क्रम ठरलेला होता. "आधी बत्ती, मंग दार, मंग शीट. उलटं केलं की कुनाचं तरी डोकं फुटतंय." गाडी थांबली की ते आतूनच बत्ती लावत, वळसा घालून येत, डावं दार उघडत, छोटी सीट एका हातानं दाबून धरत आणि दुसरा हात दाराच्या वरच्या कडेवर ठेवत. उतरणाऱ्याचं डोकं आपटलंच तर त्यांच्या हातावर आपटावं म्हणून. दार लावायच्या आधी ते ओरडत, "हात वर!" मग गाडीतल्या सगळ्यांनी, लहानथोर सगळ्यांनी, दोन्ही हात वर करायचे. दारात कुणाचं बोट राहू नये म्हणून. एकदा माझ्या आईनं हात वर केले नाहीत. म्हणाली, "जावईबापू, मी काय चोर हाय का?" दाजी दाराला हात लावून तसेच उभे. "आत्याबाई, चोर असत्या तर दार कधीच लावलं असतं." आईला हसत हसत हात वर करावे लागले.

ताई पुढं बसायची, त्यांच्या शेजारी. तीच तिची जागा. घरात सगळ्यांच्या देखत ती त्यांच्याशी चार शब्द बोलायची नाही, पण गाडीत पुढच्या बाकावर त्या दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललेलं असायचं. मधल्या बाकावरून मला नुसतं तिचं हसू ऐकू यायचं. घर जळाल्यावर ती फारशी हसत नव्हती. त्या गाडीत हसायची.

आणि मग भोकरदन. तिथले माणिकराव हे मोठे व्यापारी, त्यांच्या मुलीचं लग्न. त्यांचा माल आमच्या अडतीला यावा असं मला फार वाटत होतं, म्हणून घरातल्या सगळ्यांना घेऊन गेलो. सकाळची वेळ. बायका उतरून आत गेल्या, ताईही गेली. माणिकराव दोन-तीन व्यापाऱ्यांना घेऊन मला घ्यायला पुढं आले, आणि नेमकं तेव्हा दाजी मागची लेकरं उतरवत होते. सीट दाबून धरलेली, दुसरा हात दाराच्या कडेवर. शेवटी आत एकच पोर राहिलं होतं, त्याला उतरायचं नव्हतं. दाजी त्याला म्हणाले, "बसतो तर बस, मी दार लावून राह्यलो. हात वर!" पोरानं हात वर केले. दाजींनी दार लावलं.

माणिकराव खदखदा हसले. "वसंतशेट, डायवर लई तालेवार ठेवलाय हो! फौजदारावानी हात वर करायला लावतोय. कुठला गडी?"

मी थांबलो, तो इथं. दाजी चार हातांवर उभे होते. अंगात साधा सदरा, त्याला ग्रीसचा डाग. मनात आलं, जावई आहेत म्हटलं तर हे विचारतील, जावई गाडी का हाकतो? मग तुमच्याकडेच राहतात का, असं विचारतील. मग आपसात बोलतील…

मी म्हणालो, "अंबडकडचा हाय. जुना डायवर हाय आपला."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. रुमाल काढून ते दाराची काच पुसायला लागले. माणिकरावांनी त्यांना हाक मारली, "ए बाबा, डायवर लोकांची पंगत तिकडं कडुलिंबाखाली हाय, जल्दी जेवून घे." दाजी म्हणाले, "बराबर हाय, शेट." आणि गेले.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ… पण नाही. पाहुण्यांच्या जावयांना पहिल्या पंगतीला पाटावर बसवून टोपी-उपरणं द्यायची रीत त्यांच्याकडे होती. माणिकराव ताट घेऊन माझ्यापाशी आले. "तुमच्याकडचे जावई आलेत म्हणं? कुठंयत? टोपी घालायची हाय." आता खरं सांगायचं तर आधीचं खोटं उघडं पडणार. मी म्हणालो, "न्हाई आले. शेताचं काम निघालं त्यांचं." ती टोपी माणिकरावांनी तशीच ताटात परत नेली.

आतल्या बायका ताईला म्हणाल्या असणार, जा, तुझ्या मालकांना टोपी घालतायत, बघ. ती हौसेनं दारात आली. मांडवात ते दिसले नाहीत. मग तिला ते दिसले, बाहेर झाडाखाली, दोन ट्रक ड्रायव्हरांच्या मधे, पत्रावळीवर जेवताना. हे मला तिनं कधी सांगितलं नाही. मी मांडवातून तिचं तोंड पाहिलं.

घरी आल्यावर तिनं त्यांना विचारलं. भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं.

"तिथं का बसले तुमी?"

"मीच गेलो. पोरं दारं उघडू राह्यलती गाडीची. म्हनलं गाडीपाशीच बसावं."

"आन् टोपी?"

"टोपीचं काय… मला कुठं टोपी शोभते?"

"तुमाला न्हाई शोभत, पन मला शोभली असती ना! सगळ्या बाया बघून राह्यल्या होत्या."

 दाजी माझं नाव घेतील म्हणून मी भिंतीला कान लावून बसलो होतो. त्यांनी नाव घेतलं नाही, आणि मला हायसं वाटलं. आज लिहितानाही त्या हायसं वाटण्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ताईनं त्यांचं ताट ओसरीत, बाहेर मांडलं. "इथंच वाढलंय. सवय हाय ना आता." दाजी बसले, जेवले, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. वाचलं काहीच नाही, पण पान उलटलं.

त्या दिवसापासून ताई पुढं बसली नाही. ती सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसू लागली, आणि पुढची जागा मी घेतली. प्रत्येक वेळी दाजी बत्ती लावायचे, वळसा घालून यायचे, डावं दार उघडायचे, खटका दाबून सीट पुढं लोटायचे, "सावकाश" म्हणायचे. ती त्यांच्याकडे न बघता आत जायची. मागं पोचून नीट बसेपर्यंत ते बत्ती चालू ठेवायचे, आरशात बघून मग बंद करायचे. सात वर्षं. घरात ती त्यांचं सगळं करायची, दुखलंखुपलं बघायची. कडक बोलणंही हळूहळू संपलं. पण ते हसणं मला पुन्हा ऐकू आलं नाही, आणि मी तिच्याच जागेवर बसलो होतो.

एकदा, एकदाच, मी तोंड उघडलं. अंबडच्या रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. "दाजी, त्या दिवशी भोकरदनला मी जे…" ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "काच वर करा, धूळ येऊन राह्यली." मी काचेची मूठ फिरवत बसलो. काच वर गेली आणि माझं बोलणं तिथंच राहिलं. मला वाटलं, त्यांनी मला सोडवलं. आता वाटतं, त्यांनी फक्त काच वर करायला सांगितली होती. काच वर झाल्यावर मला पुढं बोलता आलं असतं.

मागच्या आठवड्यात ताईला जमिनीच्या कागदावर सही करायला अंबडला न्यायचं होतं. वॅगन दाजी गेल्यापासून शेडमधे उभी होती. ती चालवायला गल्लीतल्या एका ओळखीच्या माणसाला बोलावलं. मी डावं दार ओढलं, ते कुरकुरत उघडलं. ती छोटी सीट मात्र काही केल्या पुढं जाईना. मी पाठ ढकलतोय, खाली हात घालतोय, घामाघूम झालो. ताई मागं उभी होती.

"खालचा खटका आधी दाब. मंग लोट," ती म्हणाली. "न्हाई, तसं न्हाई. अंगठ्यानं."

सीट पुढं गेली. ती आत जायला वाकली. मी हात वरच्या कडेवर ठेवायला विसरलो आणि तिचं डोकं आपटलं. फार लागलं नाही, पण ती तिथंच पायरीवर बसली आणि रडायला लागली. ते गेल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडत होती.

मी त्या माणसाला घरात पाणी प्यायला पाठवलं आणि तिथंच, दाराशी उकिडवा बसून, तिला सगळं सांगितलं. माणिकराव, टोपी, शेताचं काम, भिंतीपलीकडून ऐकलेलं. ती डोक्यावरचा हात न काढता ऐकत होती.

सगळं ऐकून म्हणाली, "मी त्यांना ओसरीत वाढलं, वसंता."

"हो."

"तू घरातच व्हता."

"हो, ताई. मला माफ कर."

ती उठली. डोळे पदरानं पुसले. मी अजून खालीच होतो.

"चार मानसांत त्यांना डायवर म्हनला तू," ती म्हणाली, "आन् आता मला एकटीला शेडमधी गाठून माफी मागून राह्यला? मला नको ही माफी. जसल्या मानसांत म्हनला, तसल्याच चार मानसांत म्हन. मंग माझ्यापाशी ये."

भोकरदनला मी परवा जाऊन आलो. माणिकराव आता थकले आहेत, त्यांना ते लग्न नीट आठवतं, ड्रायव्हर आठवत नाही. मी सगळं सांगितलं, आणि मी निघताना ते म्हणाले की जावयाला झाडाखाली वाढल्याचं त्यांना आता मरेपर्यंत लागून राहील. म्हणजे त्यांच्यावरही मी ते ओझं घातलं. पण त्या मांडवातले बाकीचे लोक कुठं शोधू? ते जालन्यात असतील, भोकरदनला असतील, अंबडला असतील. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्यातल्या काहींच्या घरी येते. म्हणून इथं लिहितो.

त्या लग्नात लाकडी वॅगन घेऊन आलेला, लेकरांना हात वर करायला लावणारा माणूस आमचा ड्रायव्हर नव्हता. ते रंगनाथराव, आमच्या घरचे थोरले जावई, माझ्या बहिणीचे मालक. शेताच्या कामाला ते गेलेले नव्हते. कडुलिंबाखाली जेवत होते, मी खोटं बोललो म्हणून. टोपीचा मान त्यांचा होता, तो मी बुडवला. आणि ताई, ते तिथं आपल्या मनानं जाऊन बसले नव्हते.

दाजी, माझी चूक झाली. मला माफ करा.