गुलाबरावांचा शनिवार

शनिवारी दुपारी कचेरी सुटली की गुलाबराव धोटे दिवसातली दुसरी दाढी करत. नागपुरात महाल भागात आम्ही चौघे एकटे राहणारे लोक दोन खोल्या घेऊन राहत होतो. तिथल्या गॅलरीत ते खिळ्याला आरसा अडकवून, गालाला साबण फासून उभे असत. खालून जाणाऱ्या कुणी सहज म्हणून विचारलं, "काय गुलाबरावजी, आज कुठं?" की वरून खणखणीत उत्तर येई, "नाच पाहाले!" विचारणाराच ओशाळून पुढे सटके. स्टेशनापलीकडच्या एका हॉटेलात शनिवारी संध्याकाळी कॅबरे असे आणि नाचणाऱ्या बाईंचे कपडे गाण्यागणिक कमी होत जातात, अशी त्याची ख्याती होती. आमच्या कचेरीतले निम्मे लोक मफलरात तोंड लपवून तिथे जाऊन आलेले. उघड जाणारे गुलाबराव एकटे, म्हणून बदनामीही त्यांची एकट्याची.

ते पन्नाशीला आले होते. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, आणि दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. अंगाला अत्तर आणि जिभेला धार. मी सावनेरहून नोकरीला आलो तेव्हा मला भाताचं पाणीसुद्धा कळत नव्हतं; स्वयंपाक त्यांनी शिकवला. मी टायफॉइडने पडलो तर कचेरीत रजा टाकून उशाशी बसले आणि पेज पाजता पाजता मला शिव्या देत राहिले. "लोक मले वाईट म्हणते ते बरंच हाय गा," ते म्हणत. "वाईट माणसाकडं कोणी सल्ला मागाले येत नाही." हे साफ खोटं होतं. सगळा मोहल्ला त्यांच्याकडेच येई, फक्त अंधार पडल्यावर.

त्या वर्षी माझ्या लग्नाचं चाललं होतं. काटोलच्या संत्र्यांचे व्यापारी वासुदेवराव यांची मुलगी शालू मी पाहिली होती. बरोबर वडीलधारे म्हणून बाबा होते आणि गुलाबरावही होते. मुलीने पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवताना एकदाच वर पाहिलं आणि माझं काम झालं. पण पुढे गाडं अडलं. बाबा म्हणाले, पसंती कळवायला मुलीकडच्यांनी सावनेरला यावं, ही रीत आहे. वासुदेवराव म्हणाले, मुलगी दाखवली, पाहुणचार केला, आता पहिला शब्द मुलाकडून यावा. दोघांचीही मान ताठ. महिना गेला, दुसरा लागला. वासुदेवरावांकडे दुसरं स्थळ सांगून आल्याचीही मला कुणकुण लागली. मी कचेरीत बसून कागदांवर नुसत्या रेघोट्या ओढत होतो. आपल्या मनातलं बापाला सांगायची आमच्या घरात सोय नव्हती.

अशात श्रावणातली झड लागली. तीन दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, नाग नदी पुलाला टेकलेली. तो शनिवार होता. आमच्या सोबत्यांनी खिचडी टाकली होती आणि गुलाबराव दाढी करत होते.

"मधू, कपडे घाल. तू चालून राहिला माझ्यासंगं."

"मी? अशा पावसात? आणि तिथं?"

"काहून, तिथं काय वाघ बसला हाय?"

"पुढच्या शनिवारी जाऊ ना, गुलाबरावजी."

"पुढच्या शनिवारचं आभाळ तुले दाखवून ठेवलं हाय काय कोणी? तोंड पाह्य आपलं आरशात. दोन महिन्यांपासून सुतक पाळून राहिला. चाल!"

सोबत्यांनी त्यांना वेड्यात काढलं. एकजण म्हणाला, बाईचा नाच पाहायला जीव द्यायचा म्हणजे शौकाची हद्द झाली. गुलाबराव एरवी अशा बोलण्यावर हसत. त्या दिवशी हसले नाहीत, घड्याळाकडे पाहत राहिले. मला त्यांना नाही म्हणणं कधी जमलंच नाही.

सायकलरिक्षावाल्यांनी हात जोडले. आम्ही पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून चालत निघालो. छत्री पहिल्याच चौकात उलटी झाली. पुढे माझी एक चप्पल पाण्याबरोबर गेली. गुलाबरावांनी दुसरीही फेकायला लावली. हॉटेलात पोचलो तेव्हा मी अनवाणी आणि निथळत होतो. आत मोजकीच माणसं होती. वाजवणारे कंटाळून वाजवत होते आणि निळ्या उजेडात एक बाई नाचत होती. अगदी पुढच्या टेबलाशी ओल्या कोटात, ओली टोपी मांडीवर घेऊन वासुदेवराव बसले होते. त्यांची नजर समोरच्या कॉफीच्या कपात रुतली होती.

त्यांनी मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. संपलं, मी म्हटलं. मी दाराकडे वळलो तर गुलाबरावांनी मागून माझी कॉलर धरली.

"कुठं पळतं? त्यायनं तुले पाह्यलं, तसं तूबी त्यायले पाह्यलं. तुले जेवढी भीती हाय ना, तेवढीच त्यायले हाय."

आणि लग्नघरात शिरावं तसे हात पसरून ते पुढे गेले. "अरे वा! वासुदेवरावजी! पावसानं अडकवलं वाटते?"

"हो, हो, पाऊस... लय पाऊस," वासुदेवराव पुटपुटले.

"आमचंबी तेच! आडोसा पाहून घुसलो." असं म्हणून त्यांनी तीन खुर्च्या ओढल्या आणि तिन्हींच्या पाठी नाचाकडे करून मांडल्या. आम्ही तिघे भिंतीकडे तोंड करून बसलो. नागपुरात कॅबरे असा कुणी पाहिला नसेल.

"आता दोन्हीकडचे लोक आयतेच एका जागी आले हायत," गुलाबराव म्हणाले, "तं साक्षगंधाचं ठरवून टाकू."

आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. तो शब्द त्या जागी ऐकून माझे कान तापले. तेवढ्यात ती नाचणारी बाई, तीन गिऱ्हाइकांनी पाठ फिरवलेली पाहून, रागाने आमच्या टेबलाशी आली. गुलाबरावांनी उठून तिला हात जोडले. "बाई, इधर शादी की बात चल रही है. बुरा मत मानना." तिने खांद्यावरची झिरझिरीत ओढणी नीट केली, "मुबारक हो" म्हणाली आणि वाजवणाऱ्यांना हळू वाजवायची खूण केली. त्या बाईचं नाव मला कळलं नाही. पण आमच्या लग्नाला पहिला आशीर्वाद तिचा आहे.

त्या जागी कुणाची मान ताठ राहणार? सावनेर नको, काटोलही नको, साक्षगंध नागपुरात आमच्या खोलीवर करायचं, असं गुलाबराव म्हणाले आणि वासुदेवरावांनी मुकाट्याने मान हलवली. दुसऱ्याच दिवशी गुलाबराव सावनेरला गेले. "मुलीचा बाप या झडीत काटोलहून नागपुरापर्यंत आला, मधूले भेटला," एवढंच त्यांनी बाबांना सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. "अशा पावसात आले?" बाबा म्हणाले आणि विरघळले.

शालू घरात आली. आमचा संसार सुखाचा झाला, हे मी उघड म्हणतो. मामाजी, म्हणजे वासुदेवराव, घरी येत तेव्हा माझ्याशी पिकापाण्याचं बोलत, पण डोळ्याला डोळा देत नसत. मीही त्यांना मनातल्या मनात जरा रंगेल समजून सोडून दिलं होतं. त्या संध्याकाळचा विषय आम्ही कधीच काढला नाही.

सन ऐंशीनंतर एका पावसाळ्यात गुलाबराव गेले. आजारी पडले तेव्हा आमच्याच घरी होते. पेज पाजायची पाळी आता माझी होती आणि शिव्या तेव्हाही त्यांच्याच होत्या. घाटावर फारसे लोक आले नाहीत. काटोलहून थकलेले मामाजी मात्र भर पावसात आले. अग्नी दिल्यावर आम्ही दोघं शेडखाली उभे राहिलो. त्यांनी टोपी काढून झटकली. मग म्हणाले,

"जवाईबुवा, आता सांगाले हरकत नाही. त्या दिवशी मले गुलाबरावानंच बोलावलं होतं."

"बोलावलं होतं? कसं?" मी विचारलं.

"बजारात येऊन भेटला मले. म्हणे, शनिवारी एका हॉटेलात कॉफी घेऊ, पोरीचं बोलू. पाऊस येवो का गारा पडो, यावंच लागते. मी येऊन बसलो, अन् ते बाई नाचाले लागली! उठून जावं तं शब्द देल्ला होता. मंग बाहेर त्यानं मले शपथ घातली. म्हणे, बोलावल्यावर आले असं कळलं तं पोराच्या बापाचा ताठा परत चढन. अन् तुमचाबी. राहू द्या पोराले वाटते ते."

इतकी वर्षं हा सरळमार्गी म्हातारा मुलीसाठी माझ्या नजरेत रंगेल म्हणून राहिला होता. आणि तो दुसरा, ज्याला सगळं गाव रंगेल म्हणे, तो माझ्यासाठी त्या पुरातून मला ओढत घेऊन गेला होता. मला एकदम हसू आलं, मामाजीही हसले, आणि हसता हसता आम्ही दोघं एकमेकांना धरून रडलो. मग मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवलं आणि चितेकडे बोट दाखवलं.

"तिकडं," ते म्हणाले.