हिरवट गादी

लग्नानंतर पहिले काही महिने आम्ही नवराबायको एकमेकांशी फारसं बोलतच नव्हतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हे वाशिमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. एका दुपारी त्यांनी दोन पुठ्ठे आणले. लालावर काळ्या उभ्या रेघा, हिरव्यावर आडव्या. आळीपाळीने दाखवत राहिले. मग नुसत्या काळ्यापांढऱ्या उभ्या रेघा समोर धरल्या.

"काय दिसते?"

"पांढरं हिरवट दिसून राह्यलं."

पुठ्ठा आडवा केला, तर गुलाबी. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहतच राहिले. लाजून मी पुठ्ठ्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी, शिरपूरला गेले. अंगणात काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्यांची गादी उन्हात टाकलेली. पांढऱ्यात कोवळ्या गव्हाचा रंग झिरपला होता. मान खांद्यावर टेकवली, की गुलाबी. सरळ केली, की परत हिरवा. ऊन कधी कललं, कळलंच नाही.

"मान वाकडी करून काय पाहून राह्यली, बाई?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं तसे ते घाबरले. "तुह्या डोयाले काय केलं त्यानं?"

रविवारी हे मला न्यायला आले. बाबांनी पाण्याचंही विचारलं नाही, आधी डोळ्यांचंच काढलं.

"बाबा, डोळे चांगले आहेत," हे म्हणाले. "उभ्या रेघेसोबत लाल दिसत गेला, तशी नजरेत जोडी बसली. घंटी झाली की पोरायले भूक लागते ना, तसं. आता उभी रेघ दिसली की नजर लाल गृहीत धरते, तो वजा करते. उरते हिरवट."

"डोये थकले असतीन."

"काही जण तसंच म्हणतात. पण थकवा झोपेनं उतरला असता. हे शिकलेलं आहे. साध्या रेघा पाहून पाहून नजर ते विसरते."

बाबांनी यांच्या पिशवीतल्या पुठ्ठ्यांकडे बोट दाखवलं.

"मंग मलेही दाखवा."

दारातल्या उजेडात बसून बाबांनी पुठ्ठे पाहिले, मग गादीपुढे गेले. "अरे बापा!" मान कलती करताना टोपी खाली पडली, तरी उचलली नाही. सासरे-जावई शेजारी शेजारी माना वाकड्या करून हसत होते. आई ओट्यावरून पाहत राहिली.

मला मात्र पाहून पाहून गादीतलं पांढरं आता पांढरंच दिसत होतं.

परतीच्या बसमध्ये यांनी विचारलं, "आणखी कशात दिसला रंग?" वाशीम येईपर्यंत मी बोलत होते.