मामांचा मेक्सिकोतला आखाडा

मेक्सिकोतल्या एका बंद पडलेल्या कुस्तीच्या आखाड्याचा इतिहास आमच्या मामांइतका जगात कुणालाच ठाऊक नसेल. खुद्द मेक्सिकोवाल्यांना तर नाहीच. मामा म्हणजे सौदीतल्या यान्बूच्या कॅम्पात माझ्या खालच्या कॉटवर झोपणारे सांगलीकडचे पाइपफिटर. मेक्सिको त्यांनी नकाशातही पाहिलेला नाही. आमच्या साइटवर पूर्वी एक मेक्सिकन वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत, मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत, आपल्या गावच्या आखाड्याची हकिकत आम्हा दोघांना सांगितली. ती जेमतेम वीस मिनिटांची होती. मामांनी ती चार वर्षं पुरवली.

दर शुक्रवारी दुपारी, आठवडाभराच्या उन्हाने अंगाचं पार चिपाड झालेलं असताना, मामा मांडीवर थाप मारून सुरुवात करत. एका पाववाल्याने तो आखाडा कसा बांधला, मुखवटे घालून मल्ल कसे लढत, त्यांतला एक एरवी फळं विकायचा तरी शेजाऱ्यालाही पत्ता नव्हता, आग लागून छप्पर जळालं तेव्हा प्रेक्षकांनीच पत्रे कसे आणले. इथवर सारं खरं. पण मामांच्या आखाड्यात तांबडी माती होती, आणि तिच्यात ताक, हळद, लिंबू नि तेल कालवलेलं असे! "मामा, तिथं माती नव्हती. फळ्यांवर कापड ताणलेलं असायचं," मी कंटाळून म्हणायचो. "ती ताडपत्री. पावसापायी टाकली आसंल," मामा म्हणत. "मातीबिगर कुस्ती व्हती व्हय रं?"

शेवट मात्र ते कधीच सांगत नसत. आखाडा पाडला आणि तिथे आता मोटारी उभ्या राहतात, हे इन्स्पेक्टरने स्वच्छ सांगितलं होतं. मी "पुढं?" विचारलं की "पुढं काय, चालू हाय की," म्हणून मामा चादर ओढून घेत. गावात त्यांच्या वडिलांनी बांधलेली तालीम होती. धाकट्या भावाला ती पाडून दुकानगाळे काढायचे होते आणि थोरल्याच्या, म्हणजे मामांच्या, होकारावाचून सारं अडलं होतं. भावाचा फोन आला की मामा म्हणायचे, "इकामा रिन्यू हुंदे, मग बघू." इकाम्याचा, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याचा, नि तालमीचा काय संबंध, हे भावाला कधी कळलं नाही, आणि इकामा तर दरवर्षी रिन्यू होतच होता.

गेल्या शुक्रवारी गोष्ट आगीपर्यंत आली आणि भावाचा फोन आला. तालमीची मागची भिंत पडली होती. पोरं तर कधीचीच जिमला जाऊ लागली होती.

"पाड बाबा," मामा म्हणाले. "माती तेवढी उकिरड्यावर टाकू नगंस."

फोन ठेवून त्यांनी गोष्ट पुढे सुरू केली, मांडीवर थाप न मारता. "मग त्यो आखाडा पाडला. मोटारी लावत्यात आता तितं. पण पाडायच्या आदी गावानं माती नेली. मूठमूठ, ज्यानं त्यानं आपापल्या घरी."

तिथं माती नव्हती, हेच चार वर्षं मी त्यांना पटवत आलो होतो. आता मीच विचारलं,

"तो फळवाला, मामा? त्यानंही नेली?"

"त्यानं आदी मुखवटा काढला," मामा म्हणाले, "माती कपाळाला लावली, मग नेली." आणि भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले.