वाईन म्हणजे काय दारू आहे का?

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठतो. तुम्ही मिलिंदला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मिलिंद आणि मी पुण्याहून ऑकलंडला एकत्र शिकायला आलो, एका खोलीत राहिलो, आणि खरं सांगायचं तर प्यायलाही एकत्रच शिकलो. मी शनिवार-रविवारवर थांबलो. तो थांबला नाही. मग एक दिवस त्याने सोडली — साफ. दोन वर्षं हातात जिंजर बिअर, ती नावालाच बिअर. त्याची बायको, अनघावहिनी, पुन्हा हसायला लागल्या. सगळे त्याचं कौतुक करायचे. मीही करायचो.

आणि मनातून जळायचो. का? तो सुटला म्हणून? — त्याच्या जिंजर बिअरशेजारी माझा ग्लास मला पहिल्यांदाच दिसायला लागला होता. ते मला सहन होईना.

वाईनचं मला तेव्हा नवं खूळ लागलेलं. एका रविवारी दुपारी दोघांना हिल्सबरोच्या घरी जेवायला बोलावलं. मटणाचा रस्सा, आणि सोबत इटलीच्या पार दक्षिणेकडची नेग्रोआमारो — तिथल्याच द्राक्षांची, शाईसारखी गडद, जिभेवर जड. नावाचा अर्थ 'काळी-कडू', असं दुकानदार म्हणाला होता. मिलिंदने विचारलं तेव्हा मी नुसतं 'काळी द्राक्षं' म्हटलं. कडू कशाला सांगू?

वहिनी आत भाकऱ्या गरम करत होत्या. मी रिकामा ग्लास त्याच्यापुढे ठेवला आणि ते वाक्य बोललो — आपल्यात सगळेच हसत हसत बोलतात ते. "अरे, वाईन म्हणजे काय दारू आहे का?" वहिनी भाकऱ्या घेऊन बाहेर आल्या तेव्हा तो ग्लास रिकामा होऊन माझ्यापुढे होता.

तीन महिन्यांत पिऊन गाडी चालवल्यावरून त्याचं लायसन्स गेलं, मग ईस्ट टामाकीतली नोकरी. वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, दोन वर्षं हात लावला नव्हता हो. कुणी दिली असेल पहिली?"

"कंपनीतली पोरं असतील. फ्रायडेला ड्रिंक्स असतातच त्यांचे."

किती पटकन सुचलं! त्यांनी विश्वास ठेवला — माझ्यावर.

आता तो पुण्यात भावाकडे पडून असतो. वहिनी इथेच ऑकलंडमध्ये, टाकानिनीला एकट्या राहतात. त्यांचं सामान मीच हलवून दिलं. दर दिवाळीला चकल्यांचा डबा देतात आणि म्हणतात, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." मी डबा घेतो. चकल्या खातोही.

एक राहिलं. तुम्हाला वाटेल, मी चेष्टेत ग्लास पुढे केला आणि त्याने उचलला. तसं झालं नाही. मिलिंदने ग्लासावर पंजा ठेवला होता, घट्ट. "नको रे," म्हणाला होता. मी हसत हसत त्याचं एकेक बोट उचललं — आणि मग ओतली.