लॉर्डसाहेब डोंबिवलीत

फ्रेमचं दुकान म्हटलं की लाकडाचा भुसा आणि किस्से, दोन्ही साठतात. भुसा रोज झाडता येतो. किस्से मात्र चार माणसं चहाला जमली की आपोआप बाहेर पडतात. हे दाते सरांच्या प्रदर्शनाचे.

सर कळव्याचे, निवृत्त चित्रकला शिक्षक. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये उमरावांची टर उडवणारी चित्रं छापून दुकानांच्या काचेत लावायचे, लोक गर्दी करून हसायचे. तसली चित्रं सरांनी जन्मभर जमवलेली. फ्रेम्स माझ्या, हॉल डोंबिवलीतल्या मानपाड्याचा.

*

पहिल्याच दिवशी दोघी आल्या, एक पुढे, दुसरी जरा मागे. समोरच्या चित्रात एक सरदारीणबाई, केसांचा टोप इतका उंच की न्हावी शिडी लावून चढलाय!

"अय्या, ह्या तर आमच्या वन्सं! साखरपुड्याला अस्साच अंबाडा घातलेला!"

मागून आवाज आला, "वहिनी, ते पार्लर तुम्हीच सुचवलेलं."

दोघी वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेल्या!

*

मग हवालदार आले. पुढाऱ्यांची टवाळी चाललीये अशी कुणीतरी तक्रार केलेली. त्यांनी एका चित्राकडे काठी रोखली, मी पुढे झालो.

"हा कोण?"

"इंग्लंडचा लॉर्ड."

"आहे का अजून?"

"नाही साहेब, कधीच गेला."

"इकडे कोणी नातेवाईक?"

"नाही हो!"

"मग चालू द्या."

*

खरी भानगड केकवाल्या चित्राची. तीन हनुवट्यांचा लॉर्ड, दहा बोटांत अंगठ्या. शेतजमीन केकसारखी कापून खातोय आणि टेबलाखाली कुळं चुरा वेचतायत.

हॉलचा मॅनेजर धावत आला. "सर, हे उतरवा! हे सेम टू सेम दादा दिसतायत!"

दादा म्हणजे हॉलचे मालक. इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. आधी स्वतःची शेतं विकली, मग दुसऱ्यांचीही!

"अहो, हे काढलं तेव्हा दादांचे पणजोबासुद्धा नव्हते!" सर म्हणाले.

"मला सांगून काय उपयोग? संध्याकाळी दादाच येतायत."

मी हळूच म्हटलं, "सर, एकच तर चित्र आहे. काय बिघडतं?"

"तुझ्या काचेची काळजी वाटते ना? काच काढून ने. चित्र इथेच राहील."

*

दादा आले. बरोबर चार माणसं आणि हाताला धरलेली म्हातारी आई. दादा थेट त्या चित्रासमोर उभे राहिले.

"सर, लोकां बोलतात ह्यो मी हाय."

"चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं आहे," सर म्हणाले.

"त्या नाय इचारला. माझेसारखा दिसतं का नाय?"

मी सरांकडे बघून मान हलवली. नाही म्हणा, नाही म्हणा!

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"दिसतं," ते म्हणाले.

दादांचा एक माणूस पुढे सरकला. तेवढ्यात आईनेच त्याला बाजूला केलं. काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली. आधी टेबलाखालची माणसं निरखली, मग लॉर्डचं तोंड.

"नाय रं," ती लेकाला म्हणाली, "ह्यो तू नाय. याचे डोल्यान थोरी तरी लाज हाय."

दादांनी वाकून लॉर्डच्या डोळ्यांत बघितलं. मग सरांकडे न बघताच म्हणाले,

"ह्यो मना पायजे. माझे हापिसान लावाचा हाय."